तारीख कशाची, हे आधी ठरव

पायथन शिकायला लागलीस ते फार बरं केलंस. आणि सुरुवात ऑफिसातल्या फाइलींच्या नावात तारीख घालण्यापासून करायची म्हणतेस, तेही मला पटलं. पण कोड लिहायला बसायच्या आधी ताईचं थोडं ऐक. हे काम जेमतेम वीस ओळींचं आहे, त्या तू एका दुपारी लिहिशील. डोकं लागतं ते दुसरीकडेच. नावात घालायची ती तारीख नेमकी कशाची, हे पायथन सांगत नाही. ते ऑफिसात बसणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कुणीच ठरवलेलं नसतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत कसले कसले कागद येतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतल्या घटकांचा, रिपोर्ट, हार्डनेसचा रिपोर्ट, पार्टीचं ड्रॉइंग, मशीनशॉपला गेलेल्या मालाचं चलन, परत आलेल्या मालाचं चलन, वीजबिल, वाळूची टेस्ट, शिवाय व्हॉट्सअॅपवर आलेले रिजेक्शनचे फोटो. स्कॅनर त्यांना ‘स्कॅन ०००१’ अशी नावं देतो. माणसं त्याहून वाईट नावं देतात. ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘साहेबांनी सांगितलेलं फायनल’. जोवर सगळं सुरळीत चाललंय तोवर कुणाचं काही अडत नाही. आणि मग एक दिवस पार्टीचा फोन येतो की मशिनिंग करताना कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालेत, कास्टिंगवर अमुक हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या खेपेचा नंबर, आहे, त्या हीटचा रिपोर्ट तासाभरात पाठवा. तेव्हा ज्या मुलीला ती फाइल सापडते तिचं ऑफिसात वजन वाढतं, आणि जिला सापडत नाही तिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं सांगतेय.

आता तारखेकडे ये. समज, नऊ जूनच्या रात्री मेल्टिंग झालं. नमुना स्पेक्ट्रोवर गेला रात्री दीड वाजता, म्हणजे कॅलेंडरवर दहा तारीख. रजिस्टरला मात्र रात्रपाळीची तारीख नऊच, कारण पाळी नऊला सुरू झाली. रिपोर्टची प्रिंट काढून सही झाली दहाला सकाळी. स्कॅन केला अकराला. पार्टीला मेल गेला सोळाला. मग कुणीतरी ती फाइल दुसऱ्या संगणकावर टाकली पुढच्या महिन्यात. एका कागदाच्या इतक्या तारखा, आणि त्यातली प्रत्येक आपापल्या जागी खरीच. संगणकाला यातल्या शेवटच्या दोन-तीनच ठाऊक असतात. पार्टी विचारते ती पहिली.

म्हणून नियम आधी कागदावर लिही. रिपोर्टला हीटची, म्हणजे पाळीची तारीख. चलनाला चलनावर छापलेली. ड्रॉइंगला ते आपल्याकडे आलं ती, आणि ड्रॉइंगचा रिव्हिजनचा ए, बी, सी तसाच शेजारी ठेवायचा. तो पार्टीचा असतो, तारीख त्याची जागा घेऊ शकत नाही. हे नियम क्वालिटीच्या साहेबांना आणि जुन्या मेस्त्रींना दाखव. रात्रपाळीचा हिशेब मेस्त्री जो सांगतील तो धर, कारण रजिस्टर ते लिहितात आणि तुझी फाइल त्या रजिस्टरशी जुळली पाहिजे.

संगणकाकडच्या तारखांबद्दल तुझा एक गैरसमज होईल, तो आत्ताच काढून टाकते. विंडोजमध्ये ‘डेट क्रिएटेड’ दिसते म्हणून ती फाइलची जन्मतारीख असं कुणालाही वाटतं. पण फाइल एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी केली की नव्या प्रतीची ‘क्रिएटेड’ त्या क्षणाची होते, आणि ‘मॉडिफाइड’ तेवढी जुनी राहते. म्हणून पुष्कळ फाइलींत बदल आधीचा आणि जन्म नंतरचा, असं उलटं दिसतं. ‘मॉडिफाइड’ त्यातल्या त्यात भरवशाची. तीही फाइल उघडून कुणी सहज सेव्हचं बटण दाबलं की गेली.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो ना तुला? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवेच बंद झाला, आणि सगळ्या गावात एकच पळापळ. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा वेळी ऑफिसातली माणसं काय करतात? संगणक उचलून माडीवर नेतात, आणि त्याआधी जमेल तेवढं हार्डडिस्कवर ओढून घेतात. दुसरं काय करणार, आणि तेच शहाणपणाचं असतं. पण पाणी ओसरल्यावर त्या डिस्कवरचं बघ. वर्षानुवर्षांचे रिपोर्ट, पगारपत्रकं, ड्रॉइंगं, सगळ्यांचा जन्म त्याच पुराच्या आठवड्यातला. असल्या फोल्डरवर जर कुणी ‘क्रिएटेड’ वाचून नावात तारीख घालणारी स्क्रिप्ट चालवली, तर पुराची तारीख हजारो फाइलींच्या कपाळावर कायमची बसेल. नावात नसलेली तारीख शोधता येते. नावात ठळक लिहिलेली चुकीची तारीख मात्र कुणी तपासतच नाही, कारण ती खरीच दिसते. म्हणून कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या फोल्डरला हात लावताना आधी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ कडे बघ. एकाच दिवसाच्या शेकडो फाइली दिसल्या की तिथे थांब.

फोटोंचं वेगळं आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात फोटो काढल्याची वेळ लिहिलेली असते, तिला एक्झिफ म्हणतात, आणि पायथनमधून ती वाचता येते. पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून जाते. उरतं ते ‘आयएमजी’, पुढे वर्ष-महिना-दिवस, मग ‘डब्ल्यूए’ आणि अनुक्रमांक, असलं नाव. ती तारीख फोटो पाठवल्या-मिळाल्याची. मशीनशॉपवाल्याने शनिवारी काढलेला रिजेक्शनचा फोटो सोमवारी पाठवला, तर नावात सोमवारच येणार. त्यांना सांग, फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एवढ्याने मूळ फाइल जशीच्या तशी येते. पंचनाम्याला किंवा विम्याच्या क्लेमला लागणाऱ्या फोटोंच्या बाबतीत तर हे घरातल्या सगळ्यांनाच सांगून ठेव.

तारीख लिहायची कशी, याला मात्र माझ्याकडे एकच उत्तर आहे. वर्ष, मग महिना, मग दिवस. वर्ष चार आकडी, महिना आणि दिवस दोन आकडी, शून्यासकट, मध्ये आडवी रेघ. २०२५-०६-०९. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८८ मध्ये पहिल्यांदा आलं, त्यात हीच पद्धत सांगितली आहे. नावाच्या सुरुवातीला अशी तारीख असली की नावाप्रमाणे लावलेल्या फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र, मग सगळ्या दोन तारखा, आणि शून्य गाळलंस तर अक्षरांप्रमाणे लावताना दहावा महिना दुसऱ्याच्या आधी. शिवाय आपल्याकडचा माल बाहेर जातो, हे विसरू नकोस. ०३-०४-२०२५ ही आपल्याला तीन एप्रिल. अमेरिकेतल्या पार्टीला ती चार मार्च. वर्ष पुढे घेतलं की हा घोळच मिटतो. तिरप्या रेघा आणि विसर्गासारखी दोन टिंबं विंडोज फाइलच्या नावात घेतच नाही, त्यामुळे वेळ घालायची झाली तर तास-मिनिटं सलग लिही.

मी इथे आकडे देवनागरीत लिहितेय, तू फाइलींच्या नावांत इंग्रजीतलेच वापर. पायथनला देवनागरी आकडे कळतात बरं का. ‘इंट’ला ‘२०२५’ असं आपल्या आकड्यांत दिलं तरी तो बरोबर संख्या करून देतो. मला ते पहिल्यांदा बघून फार आनंद झाला होता. पण अर्ध्या फाइली एका आकड्यांत आणि अर्ध्या दुसऱ्या आकड्यांत असल्या की क्रम बिघडतो, आणि बाहेरची सॉफ्टवेअरं तर गडबडतातच. तारखेच्या पुढे मराठी नाव खुशाल लिही, ‘वाळू-टेस्ट’ म्हण, काही अडत नाही.

आर्थिक वर्षाचं एक सांगायचं राहतंय. फोल्डर २०२४-२५ असाच असू दे, अकाउंटवाल्यांना तो तसाच लागतो. फक्त त्यातल्या फाइलींवर कॅलेंडरची पूर्ण तारीख हवी, नाहीतर जानेवारीतला कागद २०२४ चा की २०२५ चा, यावर वाद होतात. हा वाद आपल्या गावाला नवा नाही. इथल्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत. तिथे कधी गेलीस तर जुन्या कागदावरच्या कालगणना बघ. सुहूर सन नावाचं वर्ष मृगाला बदलायचं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे कागद मृगापासून डिसेंबरपर्यंतचा की जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा, यावर ठरतं. आणि ते वर्ष अरबी शब्दांत लिहिलेलं असतं: इसन्ने सबैन मया व अलफ, म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७२. इसवी सनात १७७१-७२. बघ, लहान आकडा आधी आणि हजार शेवटी. वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दापासून मागे यावं लागतं. शिवाय महिन्याचा चंद्र, म्हणजे ‘छ’ लिहून दिलेली मुसलमानी महिन्याची तारीख. पण त्या कारकुनांचं एक मला फार आवडतं. बहुतेक पत्रांवर तारीख घालायची, ही त्यांची रीत होती. कागद लिहिणाऱ्यानेच, लिहिताना, तारीख घातली. अडीचशे वर्षांनी अभ्यासकाला तो कागद जागेवर लावता येतो तो त्याच्यामुळे. तूही शक्यतो तेच कर. स्कॅन करतानाच, कागद हातात असतानाच, त्यावरची तारीख नावात टाइप कर. स्क्रिप्ट मागाहूनच्या ढिगासाठी आहे.

आता स्क्रिप्ट. विंडोजची बॅच फाइल वापर असं तुला कुणीतरी सुचवेल. नको. तिथे मिळणारी तारीख त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे बदलते, एका मशीनवर दिवस आधी तर दुसऱ्यावर महिना. पायथन सगळीकडे सारखं देतं. ‘पाथलिब’ घे, फोल्डरमधल्या फाइलींची यादी आधी पूर्ण काढून हातात धर, आणि मग एकेक फाइल हाताळ. यादी चालू असतानाच नावं बदलत गेलीस तर बदललेली फाइल पुन्हा समोर येऊ शकते. प्रत्येक फाइलच्या ‘स्टॅट’मधून ‘एमटाइम’ घे, ती म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ. ‘सीटाइम’च्या वाटेला जाऊ नकोस. विंडोजवर तिचा अर्थ एक आणि लिनक्सवर दुसरा. ‘एमटाइम’ म्हणून मिळते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांची भलीमोठी संख्या. ती ‘डेटटाइम’ला दिली की तारीख होते, आणि ‘एसटीआरएफटाइम’ने तिला हवा तो आकार येतो.

या शेवटच्या पायरीला नीट लक्ष दे. टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल वाय, आडवी रेघ, टक्का आणि स्मॉल एम, आडवी रेघ, टक्का आणि स्मॉल डी. कॅपिटल वायमुळे चार आकडी वर्ष येतं. स्मॉल एम म्हणजे महिना. कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांची फाइल असेल तर महिना ४७ दिसेल आणि तू लगेच पकडशील. पण दहा वाजून आठ मिनिटांची असेल तर ०८ येईल, सगळ्यांना वाटेल ऑगस्ट, आणि कुणाला संशयही येणार नाही. म्हणून पहिल्यांदा चालवताना अशा फाइलींवर चालव, ज्यांच्या तारखा तुला तोंडपाठ आहेत.

रात्रपाळीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर चालतात. तीच स्क्रिप्ट तिथे चालवलीस तर पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक फाइल आदल्या दिवसाची होते. रात्रपाळीच्या हिशेबाला ते योगायोगाने बरोबरही दिसेल, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं. पाळी सातला सुटत असेल तर साडेपाच ते सातमधल्या हीट चुकतील आणि बाकीच्या जुळतील. असलं अर्धवट बरोबर उत्तर सापडायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा आपल्या वेळेत तारीख काढ, आणि पाळी संपायच्या आधीची वेळ असेल तर एक दिवस वजा कर, असं कोडमध्येच स्पष्ट लिही. वर मराठीत एक ओळ टिपण टाक की हे का केलंय. उद्या तू रजेवर असशील तर दुसऱ्याला कळलं पाहिजे.

नाव बदलण्याची ओळ सगळ्यात शेवटी लिही. आधी फक्त ‘प्रिंट’ कर, जुनं नाव आणि शेजारी नवं नाव. ती यादी डोळ्यांखालून घाल, चहा घेऊन पुन्हा बघ. नाव आधीच तारखेने सुरू होत असेल तर ती फाइल सोड, नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली की तारखेपुढे तारीख लागते. ‘टिल्ड-डॉलर’ने सुरू होणाऱ्या फाइली वगळ. ती एक्सेलची खूण असते, म्हणजे कुणीतरी मूळ फाइल उघडून बसलंय. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर थांब. विंडोजवर पायथन अशा वेळी एरर देऊन थांबतं, लिनक्सवर मात्र ‘रिनेम’ जुनी फाइल गुपचूप पुसून तिच्या जागी नवी बसवतं. तुमच्या ऑफिसातला बॅकअपचा डबा लिनक्सवर असू शकतो, म्हणून ही तपासणी स्वतःच लिही. आणि जुनं-नवं नाव एका सीएसव्हीत साठव. उद्या कुणी म्हणालं, माझी फाइल कुठाय, तर त्या यादीवरून दहा मिनिटांत सगळं पूर्ववत करता येतं. हे सगळं मूळ फोल्डरच्या प्रतीवर करायचं, हे काय तुला वेगळं सांगायला नको.

आता थोडं माणसांबद्दल. सगळ्यांच्या शेअर्ड फोल्डरला पहिल्या महिन्यात हात लावू नकोस. एका एक्सेलमधून दुसरी एक्सेल जोडलेली असते, नाव बदललं की ती जोडणी तुटते, आणि महिनाअखेरीला कुणाच्या तरी तक्त्यात जुनेच आकडे राहतात. तेव्हा स्क्रिप्ट चांगली होती हे कुणी ऐकून घेत नाही. सुरुवात स्वतःच्या टेबलावरच्या चलनांपासून कर. आजच्या तारखेपासून पुढचं नीट लाव, मागचं हळूहळू. दोन-चार वेळा तुझी फाइल पटकन सापडली की अकाउंटवाले आपण होऊन येतील, ‘आमचंबी तेवढं करून दे की’ म्हणत. त्यांना नाही म्हणू नकोस, पण त्यांच्या तारखेचा नियम त्यांच्याकडूनच लिहून घे. आणि स्क्रिप्ट तुझी आहे हे सांगायला लाजू नकोस. आपल्याकडे मुलीने असलं काही केलं की ‘संगणकाने केलं’ म्हणायची सवय आहे. संगणकाने नाही केलं, तू केलंस.

ज्या कागदाची तारीख कळतच नाही त्याला अंदाजाने दिवस चिकटवू नकोस. वर्ष आणि महिना माहीत असेल तर २०१९-०८ एवढंच लिही, वर्षच माहीत असेल तर नुसतं वर्ष. शून्य-शून्य घालून दिवस भरू नकोस, पायथन शून्यावा दिवस किंवा महिना स्वीकारत नाही आणि पुढे तुझीच स्क्रिप्ट तिथे अडेल. काहीच माहीत नसेल त्यासाठी ‘तारीख नाही’ नावाचा वेगळा फोल्डर कर. तो फोल्डर मोठा होईल, होऊ दे. तुमचे जुने मेस्त्री पुढच्या वर्षी निवृत्त होतायत म्हणालीस ना? ड्रॉइंग बघून ‘हा पॅटर्न पुराच्या आदल्या दिवाळीत केलाय’ असं सांगणारं दुसरं कुणी तुमच्याकडे नाही. दुपारच्या सुट्टीत ते मोकळे असतात. रोज त्या फोल्डरमधले थोडे कागद घेऊन त्यांच्याशेजारी बस, आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे नावात घालत जा.